हार्ड डिस्क कोणत्या कंपनीची घ्यावी? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : घरच्या कॉम्प्युटरसाठी ४ टीबीची हार्ड डिस्क घ्यायची आहे. फोटो, व्हिडिओ आणि जुनी कागदपत्रे ठेवायची आहेत. एक मित्र म्हणतो अमुक कंपनीची चुकूनही घेऊ नकोस, दुसरा म्हणतो तीच घे, बाकीच्या टाकाऊ. भरवशाची कंपनी नक्की कोणती?

उत्तर : दोघांचेही अनुभव खरे असतील, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. तबकड्या फिरणारी हार्ड डिस्क आज जगात फक्त तीन कंपन्या बनवतात : सीगेट, वेस्टर्न डिजिटल (डब्ल्यूडी) आणि तोशिबा. खोक्यावर चौथे कुठलेही नाव दिसले तरी आत या तिघींपैकी कुणाची तरी डिस्क असते. बाकीची नावे एकेक करून यांच्यातच विरघळली. क्वांटमचा डिस्कचा धंदा मॅक्सटरने घेतला आणि २००६ मध्ये मॅक्सटर सीगेटकडे गेली. सॅमसंगचा हार्ड डिस्क विभागही २०११ मध्ये सीगेटकडेच आला. फुजित्सूचा विभाग २००९ मध्ये तोशिबाने घेतला. आयबीएमचा आधी हिताचीकडे आणि तिथून २०१२ मध्ये वेस्टर्न डिजिटलकडे गेला. त्यामुळे दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या नावलौकिकावर आज डिस्क निवडायची म्हणजे मालक बदललेल्या खानावळीत जुन्या आचाऱ्याची चव शोधण्यासारखे आहे.

भरवसा ठरतो तो मॉडेलवर. बॅकब्लेझ ही ऑनलाइन साठवणुकीची कंपनी २०१३ पासून आपल्याकडच्या डिस्क किती बंद पडल्या याचे आकडे मॉडेलनिहाय जाहीर करते आहे. सगळ्या डिस्क मिळून गेल्या काही वर्षांतले प्रमाण वर्षाला साधारण एक ते पावणेदोन टक्के आहे. पण एकाच कंपनीचे एक मॉडेल अर्ध्या टक्क्याच्या आसपास आणि दुसरे त्याच्या कैक पट, असे त्या तक्त्यांत सर्रास दिसते. सीगेटचे ३ टीबीचे एसटी३०००डीएम००१ हे मॉडेल इतके बदनाम झाले की २०१६ मध्ये अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा लावला. त्याच कंपनीची त्याच सुमाराची ४ टीबीची डिस्क मात्र त्याच तक्त्यांत वर्षानुवर्षे टिकून राहिली. याहून बोलके उदाहरण डेस्कस्टारचे. २००० साली आलेली आयबीएमची डेस्कस्टार ७५जीएक्सपी इतकी मरायची की लोक तिला ‘डेथस्टार’ म्हणायचे. हेच डेस्कस्टार नाव घेऊन पुढे हिताचीने ज्या डिस्क काढल्या, त्या बॅकब्लेझच्या यादीत सर्वांत कमी बंद पडणाऱ्यांमध्ये गणल्या गेल्या. नाव तेच राहिले आणि पत मात्र पार उलटली.

असे होते कारण हेड (तबकडीवर लिहिणारे-वाचणारे टोक), तबकडीवरची घनता, हेड विसावण्याची जागा आणि फर्मवेअर (डिस्क चालवणारी आतली आज्ञावली) हे सगळे त्या त्या मॉडेलचे असते. एखादा दोष त्या मॉडेलच्या प्रत्येक नगात उतरतो, शेजारच्या मॉडेलमध्ये नसतो.

तुमच्या कामासाठी नासकरिता (घरच्या नेटवर्कला जोडलेल्या साठवणुकीच्या पेटीकरिता) बनवलेल्या मालिकांपैकी एक घ्या : सीगेट आयर्नवुल्फ, डब्ल्यूडी रेड प्लस किंवा तोशिबा एन३००. घरात नास नसले तरी चालते, कॉम्प्युटरमध्ये त्या नेहमीच्या डिस्कसारख्याच बसतात. तिन्हींना तीन वर्षांची वॉरंटी असते. साध्या डेस्कटॉप डिस्कला ती बहुतेक दोन वर्षांची असते. वर्षाला साधारण १८० टीबी वाचन-लेखन गृहीत धरून त्या बनवलेल्या असतात. साध्या डिस्कसाठी हा आकडा बहुधा ५५ टीबी असतो. तिघींत निवड करताना फार डोके खाजवू नका. एन३०० मिनिटाला ७२०० फेऱ्यांची आहे, म्हणून आवाज आणि उष्णता थोडी जास्त. कॉम्प्युटर झोपायच्या खोलीत असेल तर बाकीच्या दोघींपैकी कमी फेऱ्यांची पाहा.

आणि एकच डिस्क घेणार असाल तर थांबा. वर्षाला एक टक्का म्हणजे शंभरांत एक, पण ती एक तुमची निघाली तर तुमच्यापुरते शंभर टक्के. त्याच पैशात थोड्या कमी क्षमतेच्या दोन घ्या. जमल्यास दोन्ही वेगवेगळ्या मॉडेलच्या असू द्या. एकाच खेपेतल्या जुळ्या डिस्क एकाच दोषाने आगेमागे जाऊ शकतात. दुसरी डिस्क कॉम्प्युटरला कायम जोडून ठेवू नका. आठवड्यातून एकदा जोडायची, नक्कल करायची, काढून कपाटात ठेवायची.

प्रश्न : माहितीपत्रकात एमटीबीएफ (दोन बिघाडांमधला सरासरी काळ) १० लाख तास लिहिले आहे. म्हणजे डिस्क ११४ वर्षे चालणार?

उत्तर : भागाकार बरोबर आहे, अर्थ चुकला. हा आकडा एका डिस्कच्या आयुष्याचा नसून मोठ्या समूहाचा आहे. वर्षाचे तास ८७६०. त्यांना १० लाखांनी भागले की ०.८८ टक्के येतात. म्हणजे हजार डिस्क वर्षभर अखंड चालवल्या तर आठ-नऊ बंद पडाव्यात असा कंपनीचा अंदाज, तोही वापराच्या ठरवलेल्या मर्यादा आणि वॉरंटीच्या काळापुरताच. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ मध्ये मोठ्या संगणक केंद्रांतल्या नोंदी तपासल्या, तेव्हा प्रत्यक्षात डिस्क बदलण्याचे प्रमाण अनेक ठिकाणी वर्षाला २ ते ४ टक्के निघाले. तुलना करायची असेल तर वॉरंटीची वर्षे पाहा. मोफत बदलून द्यायची वेळ आली तर पदरचे पैसे जातात, म्हणून तो आकडा कंपनी जपून छापते.

प्रश्न : नव्या डिस्कवर मोठे फोल्डर टाकताना सुरुवातीला सेकंदाला १८० एमबीचा वेग मिळतो. काही वेळाने तो १५-२० वर येतो, मधेच शून्यही होतो. डिस्क सदोष आहे का?

उत्तर : आधी दोन साध्या गोष्टी तपासा. वेग मुळापासूनच ३०-४० असता तर डिस्क यूएसबी २ च्या पोर्टला लागली आहे असे म्हटले असते, पण तुमचा आरंभ चांगला आहे. फोल्डरमध्ये हजारो बारीक फायली असतील तर कुठलीही हार्ड डिस्क रांगतेच. एकच २०-३० जीबीची फाइल टाकून पाहा. तिथेही असेच झाले, तर डिस्क एसएमआर पद्धतीची असण्याची दाट शक्यता आहे.

जुन्या, म्हणजे सीएमआर पद्धतीत माहितीच्या वर्तुळाकार पट्ट्या शेजारीशेजारी, एकमेकींना न शिवता असतात. एसएमआरमध्ये त्या कौलांसारख्या एकीवर एक थोड्या चढवलेल्या असतात. लिहिणारे हेड वाचणाऱ्यापेक्षा रुंद असल्यामुळे ही युक्ती चालते आणि तेवढ्याच तबकडीवर जास्त माहिती मावते. वाचताना काही बिघडत नाही. पण कौलारू छपरातले मधले एक कौल बदलायचे तर वरची कौले उचलावी लागतात, तसे इथे एक पट्टी बदलायची तर तिच्यावर चढलेल्या पुढच्या सगळ्या पट्ट्या पुन्हा लिहाव्या लागतात. हा वेळ लपवण्यासाठी डिस्कवर थोडा भाग साध्या पद्धतीचा राखलेला असतो. नवे लेखन आधी तिथे जाते आणि डिस्क रिकामी बसली की सावकाश आपल्या जागी हलवले जाते. तुमचे फोल्डर त्या राखीव भागात मावेनासे झाले की डिस्कला दोन्ही कामे एकदम करावी लागतात आणि वेग कोसळतो.

हा दोष नव्हे. एकदा लिहून ठेवायचे आणि अधूनमधून वाचायचे, अशा कामाला एसएमआर ठीक आहे. बॅकअपसाठी खुशाल वापरा. नक्कल पूर्ण झाली की लगेच वायर उपटू नका, डिस्कला तासभर चालू ठेवून आतली आवराआवर करू द्या. मात्र तिच्यावर ऑपरेटिंग सिस्टिम टाकू नका, व्हिडिओ संपादन करू नका आणि अनेक डिस्क जोडून केलेल्या रेड रचनेत तर तिला घेऊच नका. (रेड ही रचना वेगळी आणि डब्ल्यूडी रेड हे मालिकेचे नाव वेगळे.) २०२० मध्ये उघड झाले की डब्ल्यूडीच्या नाससाठी विकल्या जाणाऱ्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर होत्या आणि माहितीपत्रकात तसा उल्लेख नव्हता. रेड रचनेत बिघडलेल्या डिस्कच्या जागी नवी बसवली की तिच्यावर तासन्‌तास अखंड लेखन होते. त्यात या डिस्क इतक्या अडखळायच्या की यंत्रणा त्यांनाच बिघडलेले समजून बाहेर काढायची. त्यानंतर कंपनीने नावे वेगळी केली : नुसते ‘रेड’ म्हणजे एसएमआर, ‘रेड प्लस’ आणि ‘रेड प्रो’ म्हणजे सीएमआर. तिन्ही कंपन्या आता कुठले मॉडेल कुठल्या पद्धतीचे याच्या याद्या संकेतस्थळावर देतात. घेण्याआधी पूर्ण मॉडेल क्रमांक, शेवटच्या अक्षरांसकट, त्या यादीशी ताडून पाहा. मालिकेच्या नावावर जाऊ नका. सीगेटच्या डेस्कटॉप बॅराकुडातल्या बऱ्याच क्षमता एसएमआर आहेत. अडीच इंची मोठ्या क्षमतेच्या डिस्क तर जवळपास सगळ्याच.

प्रश्न : क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये माझ्या सीगेट डिस्कच्या ‘रीड एरर रेट’समोर अवाढव्य आकडा दिसतो. वर मात्र निळे ‘गुड’. दुसऱ्या एका डिस्कवर पिवळे ‘कॉशन’ आहे. कशावर विश्वास ठेवू?

उत्तर : पिवळ्यावर. सीगेटच्या ०१ आणि ०७ या ओळींतला आकडा चुकांचा नसतो. बारा खुणांच्या त्या षोडशमान आकड्यात पहिल्या चार खुणा चुका मोजतात आणि पुढच्या आठ एकूण किती वेळा वाचले किंवा हेड हलवले ते मोजतात. पहिल्या चार जागी शून्ये असतील तर या ओळींपुरती चिंता नाही, मागचा आकडा केवढाही असो.

एवढे पाहून झाले की मेन्यूतून रॉ व्हॅल्यूज दशमानात करून घ्या, म्हणजे बाकीच्या ओळी वाचता येतील. ०५ ही बदलून टाकलेल्या सेक्टरांची (तबकडीवरच्या माहितीच्या छोट्या कप्प्यांची) संख्या. सी५ म्हणजे दशमानात ओळ क्रमांक १९७, वाचता न येणारे आणि निकालाची वाट पाहणारे सेक्टर. सी६ म्हणजे १९८, तपासणीत न सुधारलेले. बीबी म्हणजे १८७, दुरुस्त न झालेल्या चुका. या चारही ठिकाणी शून्य हवे. बीसी, म्हणजे १८८, ही आज्ञा वेळेत पूर्ण न झाल्याची मोजणी आहे आणि ती खराब केबलनेही वाढते. सी७ म्हणजे १९९ तर बहुतेक वेळा केबलचीच तक्रार असते. साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) बदला आणि आकडा टिपून ठेवा. तो कमी कधीच होत नाही, पण वाढायचा थांबला तर विषय संपला.

पिवळी डिस्क : आधी माहिती दुसरीकडे हलवा. चाचण्या त्यानंतर. मग लांब स्वयंचाचणी लावा. स्मार्टसीटीएल हा डिस्क तपासणारा प्रोग्राम किंवा कंपनीचे स्वतःचे साधन, दोन्हींत ती मिळते. ४ टीबीच्या डिस्कला सात-आठ तास लागतात. त्यानंतर विंडोजमध्ये ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा, म्हणजे प्रत्येक सेक्टरवर लेखन होते. आता आकडे पुन्हा वाचा. सी५ शून्यावर आला आणि ०५ वाढला नाही, तर बहुधा लिहिताना वीज गेल्यामुळे सेक्टर अर्धवट राहिले होते आणि डिस्क सावरली. सी५ गेला पण ०५ तेवढाच वाढला, तर पृष्ठभाग खरोखर खराब आहे. वॉरंटी असेल तर बदलून घ्या, नसेल तर बिनमहत्त्वाच्या कामाला लावा. आठवड्याभरात पुन्हा वाढला तर कचऱ्यात. गूगलने २००७ मध्ये लाखाहून जास्त डिस्कच्या नोंदींवरून दाखवले होते की तपासणीत पहिली चूक सापडल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता ३९ पट होते. त्याच अभ्यासातला दुसरा आकडाही ध्यानात असू द्या : बंद पडलेल्यांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी या महत्त्वाच्या ओळींत आधी एकही खूण दाखवली नव्हती. निळे ‘गुड’ म्हणजे अजून तक्रार नोंदलेली नाही, इतकेच.

प्रश्न : सीलबंद म्हणून घेतलेली डिस्क खरोखर नवी आहे हे कसे ओळखावे?

उत्तर : जोडण्याआधी लेबलवरचा क्रमांक कंपनीच्या वॉरंटी पानावर टाका. वॉरंटीचा काळ आधीच बराच सरलेला असेल किंवा ‘ही डिस्क अन्य उत्पादकाला पुरवली होती’ असे उत्तर आले, तर ती तयार यंत्रांसाठी गेलेली आहे आणि तुम्हाला कंपनीकडून वॉरंटी मिळणार नाही. परत करा. खोक्यावरचा आणि डिस्कवरचा क्रमांक एकच हवा. कडेच्या स्क्रूच्या भोकांतले आटे आणि साटाच्या सोनेरी पट्ट्या भिंगातून पाहा. त्यांवर ओरखडे असतील तर ती आधी कुठेतरी बसवलेली होती.

जोडल्यावर चालू राहिल्याचे तास पाहा. नव्या डिस्कवर शून्य ते फार तर दोन-चार तास असतात. पण हा आकडा पुसता येतो. २०२५ च्या सुरुवातीला सीगेटच्या डेटा सेंटरमध्ये वापरलेल्या डिस्क तास शून्य करून नव्या म्हणून विकल्या जात असल्याचे युरोपात उघडकीस आले. सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची दुसरी नोंदवही असते आणि ठगांनी ती तशीच सोडली होती. स्मार्टसीटीएलच्या ७.४ पासून पुढच्या आवृत्त्यांत फार्मची नोंद मागवता येते. दोन्हीकडचे तास जुळले पाहिजेत.

नंतर वर सांगितलेला पूर्ण फॉरमॅट आणि लांब चाचणी, दोन्ही परतीची मुदत संपण्याआधी उरका. वाहतुकीत आपटलेली डिस्क बहुधा इथेच पकडली जाते. आणि ४ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६३ टीबी दिसली तर कुणाशी भांडू नका. कंपनी हजारांनी मोजते, विंडोज १०२४ ने. २ टीबीच दिसली तर विभाजनाची पद्धत एमबीआर आहे, ती जीपीटी करा.

प्रश्न : एकाच कॉम्प्युटरमध्ये तीन वर्षांत तीन डिस्क गेल्या, तिन्ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या. आता कोणती घेऊ?

उत्तर : आता डिस्क नको, पॉवर सप्लाय तपासा. तीन कंपन्यांनी एकाच घरात हात टेकले तर दोष घराचाच. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टच्या तारेतून सुमारे २ अँपिअर ओढते, नंतर ५ ते ८ वॉटवर भागवते. दमलेला सप्लाय त्या पहिल्या झटक्यात व्होल्टेज पाडतो, डिस्क थांबते, पुन्हा उठते. कॉम्प्युटर चालू असताना मल्टिमीटर लावून पाहा : १२ ची तार ११.४ ते १२.६ च्या आत आणि ५ ची ४.७५ ते ५.२५ च्या आत हवी. डिस्क सुरू होतानाचे वाचन सर्वांत महत्त्वाचे. एका तारेवर दुभाजक लावून चार-पाच डिस्क टांगल्या असतील तर वेगळ्या तारांवर वाटा. मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या वीजजोडावरून) साटा करणारे ओतीव प्लॅस्टिकचे जोड ताबडतोब काढून टाका. त्यांच्या आत तारा एकमेकींना टेकून वितळतात, प्रसंगी पेट घेतात. ज्यात प्रत्येक तार वेगळ्या पिनेत दाबून बसवलेली दिसते तो जोड चालेल.

दुसरे, तापमान. ३० ते ४५ अंश उत्तम, ५० च्या वर सतत राहत असेल तर समोर पंखा हवा. दोन डिस्क एकमेकींना चिकटून बसवल्या असतील तर मधे एक खाना सोडा. तिसरे, सी० म्हणजे १९२ ही ओळ पाहा. अचानक वीज तुटून हेड घाईने मागे घ्यावे लागल्याची ती मोजणी असते. शेकड्यांत असेल तर यूपीएसशिवाय नवी डिस्कही त्याच वाटेने जाईल.

प्रश्न : यूएसबीच्या डब्यातून काढलेली साडेतीन इंची डिस्क कॉम्प्युटरला जोडली तर फिरतच नाही. डब्यात चालत होती.

उत्तर : नव्या साटा नियमात पॉवर जोडाच्या तिसऱ्या पिनेला डिस्क बंद ठेवण्याचे काम दिले आहे. जुने पॉवर सप्लाय त्या पिनेवर ३.३ व्होल्ट देतात, म्हणून डिस्क झोपून राहते. डिस्ककडच्या पट्टीवर पहिल्या तीन पिना कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणाऱ्या पट्टीने) झाका. साधी चिकटपट्टी तापून सरकते, ती नको. डिस्क फिरली पण जुनी माहिती वाचता येत नसेल तर डब्यातले सर्किट ती सांकेतिक करून लिहीत होते. माहिती काढायला डिस्क परत त्याच डब्यात घाला.

प्रश्न : डिस्कमधून टक-टक आवाज येतो, कॉम्प्युटरला दिसत नाही. फ्रीझरमध्ये ठेवावी का? तसल्याच डिस्कचे सर्किट काढून लावले तर?

उत्तर : दोन्ही नको. थंड डिस्क बाहेर काढताच तबकडीवर दव धरते आणि हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असते. टक-टक म्हणजे हेडला आपली जागा सापडत नाही आणि ते पुन्हा पुन्हा टोकापर्यंत जाऊन आपटते आहे. प्रत्येक वेळी चालू करून पाहताना ते तबकडी खरवडत असू शकते. सर्किटचे म्हणाल तर त्यावरच्या एका चिपमध्ये त्या नगाच्या हेडची मोजमापे कारखान्यात लिहिलेली असतात. त्याच मॉडेलचे दुसरे सर्किट लावले तरी ती चिप काढून नव्यावर सोल्डर केल्याशिवाय उपयोग नाही, आणि टकटकणाऱ्या डिस्कमध्ये दोष बहुतेक सर्किटचा नसतोच. माहिती हवी असेल तर वीज तोडा, झाकण उघडू नका, डिस्क फोममध्ये गुंडाळून धूळरहित कक्ष असलेल्या माहिती-पुनर्प्राप्तीच्या प्रयोगशाळेकडे द्या आणि बिघडल्यापासून ती किती वेळा चालू केली तेही खरे सांगा.